संगणकात मराठी अक्षरे जिवंत करणारा माणूस

घरोघरी मुलांना जपानी चित्रमालिकांचे वेड लागले आहे. 'डिजिमॉन टेमर्स' ही त्यांपैकीच एक. एप्रिल २००१ ते मार्च २००२ या काळात ती जपानमध्ये ५१ भागांत दाखविली गेली. संगणकाच्या आत राहणारे प्राणी, त्यांची मुलांशी जमलेली दोस्ती आणि त्यांच्या लढाया असा तिचा मसाला आहे. आईवडिलांना ती नुसती मारामारी वाटते, आणि बरीचशी ती आहेही. परंतु तिच्यातले एक पात्र मोठ्यांनीही पाहावे असे आहे. त्याचे नाव मिझुनो गोरो. मित्र त्याला शिबुमी म्हणतात.

शिबुमी आणि त्याचे सोबती विद्यापीठात शिकत असताना एक प्रोग्राम लिहितात. त्यातले प्राणी असतात साधेच, पण त्यांना वाढण्याची आणि बदलण्याची मुभा दिलेली असते. पुढे काम बंद पडते आणि मित्र आपापल्या पोटापाण्याला लागतात. प्राणी मात्र संगणकांच्या जाळ्यात वाढतच राहतात. हे जीव खरे आहेत, असे शिबुमी मानतो. त्याचा देह दवाखान्यात बेशुद्ध पडून असतो आणि मन त्या प्राण्यांच्या जगात फिरत असते.

हे बेशुद्धीचे नाटक आपण सोडून देऊ. झोपेत कोणी प्रोग्राम लिहीत नाही. पण मूळ कल्पना खोटी नाही. थोडके आणि योग्य नियम लिहून ठेवले तर पुढचे पुष्कळ आपोआप उगवते. असे काम आपल्याकडेही झाले आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या अकोला जिल्ह्यात सापडतो.

पातूरहून अकोला आणि तेथून पुढे मूर्तिजापूर. त्या तालुक्यातले मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव. अमेरिका आपल्याला प्रगत महासंगणक देईना, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था उभी राहिली. तिची धुरा त्यांच्याकडे होती. १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. वर्तमानपत्रांनी त्याचे भरपूर कौतुक केले, ते योग्यच होते. पण त्याच संस्थेत दुसरे एक काम चालले होते. माझ्या मते तुमच्या-आमच्या घरात जास्त पोहोचले ते हेच दुसरे काम. त्याचे नाव 'जिस्ट', आणि त्यामागचे डोके मोहन तांबे यांचे.

तांबे कानपूरच्या आयआयटीत होते. तेथे प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याबरोबर देवनागरी संगणकाचे काम १९८३ पर्यंत आकाराला आले. पुढे ते पुण्यास सी-डॅकमध्ये आले. अडचण काय होती, हे छापखान्यात काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरे. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरे. जुळाऱ्यापुढे खिळ्यांचे खणच खण असत. टंकलेखन यंत्रात एवढ्या कळा मावत नसल्याने अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांची जोडाजोड करावी लागे. संगणकातही प्रत्येक आकाराला वेगळी जागा द्यायची म्हटले, तर जागा पुरणार कुठून?

यातून निघालेली वाट अशी : संगणकाने आकार साठवायचाच नाही, उच्चार साठवायचा. 'धम्म' हा शब्द घ्या. संगणक फक्त ध, म, हलन्त, म एवढे चार संकेत लक्षात ठेवतो. दोन म जोडून 'म्म' काढणे हे पडद्यावरच्या नियमाचे काम. 'बुद्ध' शब्दाला पाच संकेत पुरतात. मूठभर वर्ण आणि काही नियम, त्यातून हजारो जोडाक्षरे. शिबुमीच्या प्राण्यांची गोष्ट ती हीच!

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष आवडेल. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड या सर्व लिप्या सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीच्या लेकी आहेत. रूपे निराळी झाली, तरी वर्णांची मांडणी एकच राहिली. तांबे आणि सहकाऱ्यांनी ही नातेसंबंधाची खूण ओळखली आणि सगळ्यांसाठी एकच संकेतमाला व एकच कळफलक धरला. मराठीत 'क' ज्या कळेवर, त्याच कळेवर तेलुगूतही 'क'. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. हा 'इन्स्क्रिप्ट' कळफलक. संकेतमालेला 'इस्की' हे नाव मिळाले आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. आज मोबाईलवर ज्या युनिकोडमुळे मराठी दिसते, त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. ज्या ब्राह्मीच्या नात्यावर हे सारे उभे राहिले, तिला स्वतःला युनिकोडमध्ये जागा मिळायला मात्र २०१० साल उजाडले.

इतके असूनही मधली पंधरा-वीस वर्षे वाया गेल्यासारखी गेली, हे सांगितले पाहिजे. छपाईच्या धंद्यात जो तो आपापला फॉन्ट घेऊन बसला. प्रत्येकाचे आतले आकडे वेगळे. एका दुकानात टाईप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की अक्षरांची खिचडी. चळवळीतल्या लहान नियतकालिकांचे, स्मरणिकांचे, लग्नपत्रिकांपासून भाषणांपर्यंतचे कितीतरी लेखन अशा फॉन्टमध्ये फ्लॉपी आणि सीडींवर पडून आहे. छापलेला कागद तरी वाचता येतो. ही फाईल फॉन्टशिवाय उघडली तर तीत एक शब्द ओळखू येत नाही, मग शोधून सापडणे दूरच.

ज्यांच्या घरी असा जुना मजकूर असेल त्यांनी आधी फाईल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, त्याचे नाव लिहून ठेवावे आणि तो फॉन्टही जपून ठेवावा. अशा फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. रूपांतर झाल्यावर मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा चुकते. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला 'ऱ्या' तर आवर्जून तपासावा. हे काम नववी-दहावीची मुले-मुली आपल्यापेक्षा लवकर शिकतात. इन्स्क्रिप्टची सोय घरातल्या विंडोज संगणकावर असते. ती फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायची असते.