पत्रांचा संगणक आणि आज्ञावल्यांचे डबे

पर्लकोटा नदीला मोठा पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे गडचिरोली जिल्ह्यातील मुलांना सांगायला नको. रस्ता बंद असेपर्यंत टपालाची थैली अलीकडेच थांबते. ई-मेलचे पत्रही तसेच थांबू शकते. पलीकडचा सर्व्हर, म्हणजे पत्रे स्वीकारणारा संगणक, बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही. तो ते रांगेत ठेवतो व पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निदान ४-५ दिवस प्रयत्न करावा, असा नियमांतील संकेत आहे. एसएमटीपी नावाचे हे पत्रवहनाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले.

समजा, चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवायचे ठरविले. काही तास वीज गेली तरी येणारी पत्रे वाचतील. मग धोका कोठे आहे? तो आतील मांडणीत आहे.

या कामास अनेक आज्ञावल्या लागतात. पोस्टफिक्स पत्रे घेते व पाठवते, डव्हकॉट ती पेटीतून वाचकास देते, तिसरी आज्ञावली नको असलेली पत्रे गाळते, चौथी पत्रे पडद्यावर मांडते. साऱ्या एकत्र ठेवल्या, तर एकीची नवी आवृत्ती दुसरीला बाधते. प्रत्येकीला स्वतंत्र आभासी संगणक दिला, तर प्रत्येकाला स्वतःची कार्यप्रणाली लागते. प्रत्येक प्रणालीस अर्धा जीबी स्मृती लागते असे धरा. चौघींसाठी ४ × ०.५ = २ जीबी होतात. संगणकाची स्मृती ४ जीबी असेल, तर निम्मी नुसत्या व्यवस्थेतच गेली!

यावर उपाय म्हणजे कंटेनर, म्हणजेच डबा. प्रत्येक आज्ञावली आपल्या साहित्यासह वेगळ्या डब्यात राहते. पण कार्यप्रणालीचा गाभा सर्वांना मिळून एकच असतो. त्यामुळे स्मृती वाचते. या कल्पनेचे बीज १९७९ च्या युनिक्समध्ये होते. २०१३ साली आलेल्या डॉकरने ती घरोघरी पोहोचविली.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. गाभा सामाईक असल्याने त्यात दोष निघाला तर सर्वच डब्यांना धोका पोहोचतो. दुसरे असे की, डबा हा टाकून देऊन नवा घेण्यासाठीच असतो. पत्रे डब्याच्या आत साठविली असतील, तर डबा पुसताच तीही जातात. ही पत्रे पाठवणाऱ्याच्या रांगेतून केव्हाच निघालेली असल्याने ती पुन्हा येत नाहीत! म्हणून पत्रांचा साठा डब्याबाहेर, चकतीवरील वेगळ्या जागी ठेवावा आणि त्याची प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

काही अडचणी डब्याने सुटत नाहीत. स्थिर पत्ता नसेल किंवा डीकेआयएम ही अंकीय सही नसेल, तर मोठे सर्व्हर आपली पत्रे संशयाने बाजूला टाकतात.

तरीही एकच शिक्षक सर्व सांभाळत असेल, तर कंटेनरचे पारडे जड ठरते. डब्यांची मांडणी एका फाइलमध्ये लिहून ठेवता येते. वीज पडून संगणक जळाला, तरी ती फाइल व पत्रांची प्रत यांवरून दुसरा उभा करता येतो.

शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करून पाहा. चाचणीच्या संगणकावर स्वतःला पाच पत्रे पाठवा, सर्व डबे पुसा आणि फाइलवरून पुन्हा उभे करा. पेटीत पाचही पत्रे दिसली, तरच त्या सर्व्हरवर खरी पत्रे सोपवावीत.