न सांगता लक्ष ठेवणारी माणसं

लग्नघरात कोठीच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या यावर फारशी चर्चा होत नाही. बहुतेक घरांत एखादी मावशी किंवा चुलतभाऊ असा असतोच, ज्याच्याकडे त्या आपसूक जातात. कोणत्या आजोबांना मधुमेह आहे, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, मांडववाल्याला किती आगाऊ दिले, सगळं त्या माणसाच्या वहीत असतं. फोटोत मात्र तो क्वचितच सापडतो.

व्यक्तिमत्त्व-चाचण्यांच्या भाषेत या स्वभावाला ‘आयएसएफजे’ म्हणतात. मूळ विचार स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडला. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली. चार अक्षरं चार कल दाखवतात. माणूस अंतर्मुख असतो, कल्पनेपेक्षा समोरच्या तपशिलावर विसंबतो, निर्णय घेताना माणसांचा विचार आधी करतो आणि कामं ठरवून, वेळेत उरकतो.

अंतर्मुख म्हणजे लाजाळू, ही समजूत चुकीची आहे. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुख माणूस चारचौघांत छान बोलू शकतो, पण तासाभराच्या गर्दीनंतर त्याला एकांत हवासा वाटतो.

माया आणि काटेकोरपणा एकत्र आले की काय घडतं, हे ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामात स्पष्ट दिसतं. त्यांच्या काळी ही चाचणी नव्हती, आणि त्यांच्यासारख्या करारी बाईंना चार अक्षरांत कोंबण्यात अर्थही नाही. पण १८५९ साली निघालेलं त्यांचं शुश्रूषेवरचं पुस्तक वाचावं. त्यात एक अख्खं प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे. आपण असताना जे होतं, ते आपण नसतानाही कसं होईल, हा त्यातला प्रश्न. आणखी एक प्रकरण आवाजावर. रुग्णाच्या खोलीत कुजबुजू नये, कारण ते ऐकण्यासाठी तो जिवाचे कान करतो आणि थकतो. परिचारिकेच्या कपड्यांची सळसळसुद्धा त्याला त्रास देते. हे सुचायला माणूस रुग्णाजवळ फार वेळ, फार शांतपणे बसलेला असावा लागतो.

हीच नजर त्यांनी आकड्यांकडे वळवली. ज्या क्रिमियाच्या युद्धात त्यांनी शुश्रूषा केली, त्यात ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून दाखवलं. युद्ध संपल्यावर १८५६ मध्ये मायदेशी परतताना मात्र सत्कार टाळण्यासाठी त्यांनी ‘मिस स्मिथ’ या नावाने प्रवास केला. पुढचं बरंचसं काम खोलीत बसून, पत्रांतून झालं. भारतात कधीही न येता त्यांनी इथल्या आरोग्यव्यवस्थेवर वर्षानुवर्षं लिहिलं.

चाचणीबद्दल मात्र सावध राहायला हवं. ती माणसाला दोनांपैकी एका कप्प्यात टाकते, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर अनेकांची अक्षरं बदलतात. म्हणून संशोधक आज ‘बिग फाइव्ह’ नावाची पाच गुणांची मोजपट्टी अधिक विश्वासाची मानतात. तिच्यावर प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात मोजला जातो, त्यामुळे कप्पे लागत नाहीत. आयएसएफजे स्वभावाच्या माणसात सहसा कर्तव्यदक्षता आणि सौजन्य जास्त, बहिर्मुखता कमी दिसते. चार अक्षरं पाहून नोकरी देणं किंवा लग्नाला नकार देणं हा तर निव्वळ अन्याय आहे.

खरी काळजी करायला हवी ती या माणसांच्या थकव्याची. त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं. ऑफिसात दुसऱ्याने अर्धवट टाकलेला तक्ता रात्री बसून तेच पुरा करतात. सकाळी बैठकीत कौतुक मांडणी करणाऱ्याचं होतं. ते तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांना काही वाटत नाही असं गृहीत धरलं जातं. मग एक दिवस अगदी क्षुल्लक कारणावरून त्यांचा बांध फुटतो, आणि घरचे म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवर? ती एवढीशी गोष्ट कित्येक वर्षांच्या साठ्यातली शेवटची असते.

अशा माणसाला ‘काही मदत हवी का?’ असं विचारलं तर उत्तर हमखास ‘नको’ येतं. त्यापेक्षा ‘आईच्या औषधांचं मी बघतो, बँकेचं तू बघ’ असं नेमकं काम उचलावं. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी कळवावेत, म्हणजे त्यांनाही विचार करून बोलता येतं. बेत बदलायचा असेल तर आधी सांगावं, कारण त्यांनी त्यापुढची दहा कामं मनात लावून ठेवलेली असतात. आणि कौतुक करायचं तर ते मंचावर बोलावून करण्यापेक्षा जवळ बसून, नेमकं काय आवडलं ते सांगून करावं.