आधी पंगत, मग फड

अमेरिकेत फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी खेळ सुरू होण्याच्या कितीतरी तास आधीपासून स्टेडियमभोवतीची वाहनतळे गजबजू लागतात. मोटारींच्या मागच्या फळ्या उघडून त्यांवर ताटल्या मांडल्या जातात, शेगड्या पेटतात, मांस भाजले जाते आणि शेजारच्या मोटारीतील अनोळखी माणसालाही आग्रह होतो. 'टेलगेटिंग' या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेल्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्याइतकी जुनी असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तिला आजचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, मोटार घरोघरी पोचल्यावर आणि विस्तीर्ण वाहनतळांसह स्टेडियमे उभी राहू लागल्यावर. जळगाव-धुळ्याकडे असे महानगरी संघ नाहीत आणि लाखभर प्रेक्षक सामावणारी मैदानेही नाहीत. तरीही बळाचा खेळ पाहायला दुरून यायचे, मोकळ्या जागेत चूल मांडायची, सोबत जेवायचे आणि मगच गर्दीत शिरायचे, हा क्रम खान्देशाच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याची दोन अंगे आहेत: एक यात्रेतील फडाचे आणि दुसरे हिवाळ्यातील भरीत पार्टीचे. ही दोन्ही अंगे एकत्र पाहिल्याशिवाय खान्देशी माणूस खेळाच्या मैदानाकडे कोणत्या नात्याने येतो, हे उमगत नाही.

यात्रा म्हणजे एखाद्या ग्रामदेवतेच्या किंवा संताच्या नावाने ठरलेल्या तिथीला भरणारा मेळा. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा चैत्रात भरते, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांचा उत्सव वैशाखात होतो, आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. सारंगखेडे आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १ जुलै १९९८ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. तेथे घोड्यांची खरेदी-विक्री जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांचे नाच आणि शर्यती पाहणेही महत्त्वाचे असते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले व्यापारी जनावरांजवळच राहुट्या ठोकतात आणि तेथेच स्वयंपाक करतात, त्यामुळे चुलीचा धूर आणि टापांची धूळ या बाजारात एकाच वाऱ्यावर असतात.

लहान गावांच्या यात्रांत मान असतो तो कुस्त्यांच्या दंगलीला. दंगल म्हणजे तिकीट नसलेली, सर्वांना खुली कुस्त्यांची सभा, आणि फड म्हणजे त्या कुस्त्यांसाठी मोकळी केलेली मातीची जागा. आरंभ पोराटोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी होतो, म्हणजे जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या किंवा नारळ मिळतो. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लावली जाते. इनामाचा पैसा गावाच्या वर्गणीतून येतो, आणि एखादी जोड रंगली की कडेला उभा असलेला प्रेक्षकही आपल्या खिशातून बक्षीस पुकारतो. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे मल्ल विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'ची गदा मिळवली. एवढ्या उंचीचा मल्ल ज्या मुलखातून येतो, त्या मुलखात ही गावोगावची माती किती खोल मुरलेली असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

याच मुलखाचा दुसरा मोठा देखावा म्हणजे बारागाड्या ओढणे. बैल सोडलेल्या गाड्या एकामागे एक जोडून त्यांची माळ तयार केली जाते, गाड्यांवर माणसे दाटीने बसतात, आणि देवाचे व्रत धरलेला भगत कमरेला दोर बांधून ती सारी माळ ठरलेल्या अंतरापर्यंत ओढत नेतो. त्याला दोन्ही अंगांनी आधार देणाऱ्यांना बगले म्हणतात. ही भक्ती की शक्तीचा खेळ, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडत नाही, आणि तो पाडून घेण्याची गरजही नाही, कारण श्वास रोखून पाहणाऱ्या गर्दीत दोन्ही भावना सारख्याच खऱ्या असतात.

या सर्व प्रसंगांत जेवणाचे स्थान पुढचे आहे. यात्रेच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, आणि बाहेरगावचा मल्ल व त्याचा वस्ताद, म्हणजे गुरू, यांची सोय कोणाच्या तरी ओसरीवर लागतेच. नवसाच्या ठिकाणी देवस्थानाजवळच्या झाडांखाली दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक होतो. मोठ्या पंगतीसाठी खान्देशाचा ठरलेला बेत म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून त्याचे गोळे वाफवतात किंवा गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, मग कापून तळतात. अशी बट्टी वरणात कुस्करून खाल्ली की चार तास उन्हात उभे राहण्याची तयारी होते. हा बेत शेकडो माणसांना पुरवता येतो आणि तो रांधायला पुरुषांची फळी लागते.

भरीत पार्टी हे या साऱ्याचे हिवाळी रूप आहे, आणि तिला कोणत्याही खेळाचे निमित्त लागत नाही. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येते. त्याच सुमारास थंडी पडलेली असते, भरताच्या वांग्यांचा हंगाम रंगात असतो आणि कपाशीची बहुतेक वेचणी उरकत आलेली असते. ही वांगी फिकट हिरव्या रंगाची, पांढऱ्या रेषांची, आकाराने थोराड आणि आतून कमी बियांची असतात. भालोद, बामणोद आणि असोदे या गावांची वांगी नावाजलेली आहेत. त्यांपैकी असोदे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. २०१६ मध्ये 'जळगाव भरीत वांगी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या माती-हवेशी बांधलेला माल म्हणून कायद्याने त्याची नोंद झाली.

भरताची खरी करामत भाजण्यात आहे. वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळलेल्या झाडांना पऱ्हाटी म्हणतात. तिच्या काड्यांचा थर शेतात रचून त्यावर तेलाचा हात लावलेली वांगी मांडतात आणि वर पुन्हा काड्या टाकून जाळ लावतात. पऱ्हाटीचा जाळ झपकन उठतो आणि लवकर बसतो, त्यामुळे वांग्याची साल करपते, पण गर न जळता आपल्याच वाफेत शिजतो आणि त्याला धुराचा तो वास लागतो, जो गॅसच्या शेगडीवर काही केल्या येत नाही. भाजणारा माणूस काठीने वांगी फिरवत राहतो; देठाजवळचा भाग बोटाने दाबून मऊ लागला की वांगे बाहेर काढतो. मग देठ धरून साल सोलतात, गर लाकडी बडगीत, म्हणजे जाड लाकूड कोरून केलेल्या उखळासारख्या भांड्यात घालतात आणि हिरवी मिरची व लसूण यांच्यासह मुसळीने ठेचतात. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून त्यावर हा ठेचलेला गर पडतो, वर कोथिंबीर येते. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी असते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाला कळणा म्हणतात. केळीच्या जळगाव जिल्ह्यात ताटाची चिंता कोणी करत नाही, कारण बांधापलीकडे केळीची पाने असतातच.

डिसेंबर २०१८ मध्ये जळगावच्या सागर पार्क मैदानावर प्रसिद्ध पाककर्मी विष्णू मनोहर यांनी एकाच भल्यामोठ्या कढईत सुमारे अडीच हजार किलो भरीत केले आणि ते गर्दीला वाटले गेले. एरवी जे मैदान सभा आणि खेळ यांसाठी ओळखले जाते, तेथे त्या दिवशी स्वयंपाक हाच प्रेक्षणीय झाला होता.

अमेरिकन वाहनतळावरची पंगत आणि ही पंगत यांत साम्य पुष्कळ असले, तरी एक फरक मुळातला आहे. तेथे प्रत्येक मोटार हे एक घर असते आणि आत शिरण्यासाठी तिकीट लागते, तर येथे यजमान सबंध गाव असतो आणि फडाला दार नसते. वर्गणी देणारा, इनाम पुकारणारा, पाहुण्याला जेवू घालणारा आणि कुस्ती पाहणारा हा एकच माणूस असल्यामुळे त्याला खेळाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहता येत नाही. ज्या मल्लाला त्याच्या शेजाऱ्याने सकाळी जेवू घातले, त्याच्या हरण्या-जिंकण्यात तो गुंतलेला असतो. मोठ्या प्रायोजकांच्या कुस्त्यांनी बक्षिसे वाढवली आणि मल्लांना त्यांची गरज होतीच, हे मान्य करूनही गावच्या दंगलीतील हा गुंतवा पैशाने उभा करता येत नाही, असे म्हणणे भाग आहे.

भरीत पार्टीची वाटही बदलते आहे. गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून तिची विल्हेवाट लावावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो आणि तो रास्तच आहे. पण यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून ती मातीत मिसळणाऱ्या शेतकऱ्याकडे भरतासाठी काड्या शिल्लक राहत नाहीत. शहरांत भरीत केंद्रे निघाली आहेत, तेथे तयार भरीत किलोवर मिळते आणि मळ्यात न जाताही पार्टी होते. चव बरीचशी टिकते. हरवतो तो भाजण्या-सोलण्यातला तासभर, ज्यात वडीलधारी आणि पोरे एकाच जाळाभोवती बसलेली असतात.

या परंपरेची एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. मळ्यात वांगी भाजणे, ठेचणे आणि वाढणे ही बहुधा पुरुषांची हौस असते, आणि वर्षातून काही दिवस तरी पुरुष आनंदाने रांधतात याचे कौतुकही होते. परंतु त्या भरतासोबतच्या पुऱ्या आणि भाकऱ्या बहुतेक वेळा घरच्या बायकांनीच पहाटे उठून केलेल्या असतात. यात्रेच्या दिवशी पाहुण्यांची ताटे वाढता वाढता त्यांचा दिवस जातो आणि मानाची कुस्ती लागते तेव्हा त्या चुलीपाशीच असतात. अलीकडे दंगलींत मुलींच्या कुस्त्याही लागू लागल्या आहेत आणि त्या पाहायला आया-बहिणी फडाच्या कडेला येऊन उभ्या राहतात. बचतगटांच्या प्रदर्शनांत त्याच बायका कळण्याची भाकरी आणि भरीत विकून स्वतःचे पैसे मिळवतात. यात्रा कमिट्यांनी पंगतीचा स्वयंपाक मोल देऊन अशा गटांकडे सोपवला आणि फडाभोवती बायकांना बसायला हक्काची जागा राखली, तर जेवू घालणाऱ्या हातांनाही खेळ पाहायला मिळेल.