खरखर झाली म्हणजे मान वाकली?

वारली भगताची घांगळी डहाणू-तलासरीच्या मंडळींना सांगायला नको. तिच्या दांड्याला वाकण्याचं भय नाही असं नाही, पण आत सळई नाही, नट नाही. बेस गिटारला आहे, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

बँजो पार्टीची बेस पावसाळाभर पत्र्याच्या खोलीत पडून असते, नवरात्राच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. तार छेडली की खरखर. लगेच कुणीतरी म्हणतं, "मान वाकली, आवळा!" थांबा जरा.

मुळात मान अगदी सरळ नसतेच. तार थरथरते तेव्हा तिचा झोका मधोमध मोठा असतो, त्याला जागा हवी. म्हणून मानेचा मधला भाग किंचित खोलगट ठेवतात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.३ मिलिमीटर फट दिसावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. चार तारा मिळून सुमारे ७५-८० किलोची ओढ लावतात, म्हणून मानेच्या आत पोलादी ट्रस रॉड उलटा जोर धरून असतो. गिब्सन कंपनीच्या अशा सळईला १९२३ साली पेटंट मिळालं. फेंडरची प्रिसिजन बेस आली १९५१ मध्ये.

आता आमचा न्यायशास्त्राचा जुना धूर. धूर अग्नीशिवाय असत नाही, म्हणून धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं. खरखर मात्र मान धड असतानाही होते. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. एकाच जागी खरखर असेल, तर बहुधा तिथला एखादा फ्रेट उचललेला असतो. वरच्या फ्रेटांवर असेल, तर बहुतेक वेळा तारा ब्रिजपाशी फार खाली बसलेल्या असतात. खालच्या चार-पाच फ्रेटांवरच असेल आणि फटही उरली नसेल, तर मान. आणि गंमत बघा, तेव्हा रॉड आवळायचा नसतो, सैल करायचा असतो! फट जास्त असेल तेव्हा आवळायचा.

तारा सुरात लावून पाव फेरा, पुन्हा सुरात, पुन्हा मोजणं. नट अडला तर जोर लावू नका. रॉड तुटला, तर दुरुस्ती साध्या गिटारीच्या किमतीला भिडते, आणि नवरात्र हातचं जातं ते वेगळंच.

बाहेर काढल्यावर गिटारला एक-दोन दिवस हवा लागू द्या, मग मोजा. लग्नसराईआधी कोरड्या हवेत पुन्हा मोजावं लागेल. डहाणूच्या किनाऱ्यावर आणि आत तलासरीत हवा काही सारखी नसते.