वीज गेली तर?

केत्तूर, कुगाव अशा उजनीकाठच्या गावांतल्या दोस्तांनो, समजा तुमच्या संगणकावर फ्रीबीएसडी आहे. १९९३ साली सुरू झालेली ही मोफत कार्यप्रणाली. तिचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मजकूर, कुणीही वाचावा!

सुधारित कोड आला, की तो उतरवून प्रणाली आपल्यालाही बांधता येते. त्यानं चोरवाटा बुजतात. पण बांधायला तासन्‌तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर? घाबरू नका! बांधणी वेगळ्या जागी चालते. चालू प्रणालीला धक्का नाही. पुन्हा बांधायला घ्या.

खरी जोखीम बसवताना! आधी फायलींची प्रत काढा, बॅटरी भरा. मग नवा गाभा बसवा. जुना गाभा शेजारी जपलेला असतो. नवा रुसला, तर जुन्यावर संगणक सुरू करा!