किरणांचा कांदा : भीती कुठे, काळजी कुठे?

काढणीनंतर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण कांदा चाळ पाहिली. खेळत्या हवेचं महत्त्व जालन्याच्या अंकुशनगर-महाकाळा भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण पावसाळा सरता सरता उन्हाळी कांद्याला कोंब फुटू लागले की चाळ कितीही चांगली असो, मिळेल त्या भावात माल काढावा लागतो. यावर एक उपाय आपल्याच राज्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२पासून तिथे आहे.

कांदा उभा चिरला की मधोमध कोंबाचा हिरवट गाभा दिसतो. तिथल्या पेशी विभागत गेल्या की कोंब वाढतो. कोबाल्ट-६०मधून निघणारे गॅमा किरण या पेशींतला डीएनए तोडतात आणि विभागणी थांबते. त्यासाठी ६० ते ९० ग्रे एवढी मात्रा पुरते. मसाल्यांतले जंतू मारायला याच्या सुमारे शंभरपट मात्रा लागते.

मग कांदा किरणोत्सारी होतो का? नाही. या किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जाच नसते. शिवाय कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतं, मालाला ते शिवतही नाही. १० किलोग्रेपर्यंत विकिरण केलेलं अन्न खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेसह तीन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १९८०मध्येच दिला. जास्त मात्रेत क आणि ब-१ जीवनसत्त्व काही प्रमाणात घटतं, हे मात्र खरं.

खरा धोका ताटात नाही, केंद्राच्या भिंतींच्या आत आहे. काम नसताना कोबाल्ट खोल पाण्याच्या हौदात उतरवून ठेवतात. १९८९मध्ये एल साल्वाडोरमध्ये वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणाऱ्या अशाच एका केंद्रात कोबाल्टच्या नळ्यांची चौकट हौदात न उतरता वरच अडकली. ती सोडवायला तिघे कामगार आत गेले आणि त्यांतला एक पुढे दगावला. सुरक्षेच्या कळा नादुरुस्त होत्या, प्रशिक्षण अपुरं होतं. जुन्या कोबाल्टचीही जबाबदारी असते. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत प्रयोगशाळेतलं एक जुनं उपकरण भंगारात गेलं आणि त्यातल्या कोबाल्टने एकाचा जीव घेतला.

शेतकऱ्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. विकिरणाने कोंब थांबतो. सड आणि वजनातली घट थांबत नाही. कांदा नीट सुकवलेला हवा आणि काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत केंद्रावर पोचायला हवा. म्हणजे सगळ्यांची गर्दी एकाच वेळी. जालन्याहून लासलगावपर्यंतचं भाडं, चढ-उतारात खरचटणारा माल, हेही त्यात धरा. आंब्याचं गणित जमलं, कारण अमेरिकेने विकिरणाची अटच घातली होती. २००७मध्ये लासलगावहून आंबा तिकडे गेला. कांद्याला असं हुकमी गिऱ्हाईक नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्यात असं केंद्र जरूर मागावं, पण मागणीतच तीन अटी असाव्यात : प्रशिक्षित माणसं, अणुऊर्जा नियामक मंडळाची नियमित तपासणी आणि जुनं कोबाल्ट परत नेण्याचा लेखी करार. पाकिटावर विकिरणाचं हिरवं चिन्ह असणं हा तर ग्राहकाचा हक्कच आहे. खाणाऱ्याने निर्धास्त राहावं आणि चालवणाऱ्याने एक दिवसही गाफील राहू नये, एवढी शिस्त पाळली तरच हे तंत्र आपल्या कामाचं.

(पुढील आठवड्यात : मोसंबीची साल आणि साठवण)