हंगामापुरता करार

व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी फार थोड्यांची कारकीर्द एखाद्याच क्लबच्या नावाशी कायमची जोडली जाते. उरलेल्यांच्या वाट्याला एक-दोन हंगामांचा करार, मग दुसरे गाव, तिसरा गणवेश, अधूनमधून उसनवारीवर काढलेले काही महिने आणि तिशी उलटल्यावर आणखी खालच्या पायरीवरचा संघ असा क्रम येतो. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींमध्ये असे फिरते खेळाडू शेकड्यांनी असतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते क्वचित येतात, मात्र त्यांच्यावाचून तिथल्या एकाही श्रेणीचे वेळापत्रक पुरे होणार नाही. महाराष्ट्रातही असा खेळाडू आहे, परंतु त्याच्याविषयी लिहिले गेलेले फारच थोडे आहे. जे आहे ते एखादा मुलगा भारतीय संघात गेला म्हणजे त्याच्या गावच्या सत्कारापुरते. प्रस्तुत लेखाचा विषय सत्कारानंतरची वर्षे हा आहे, आणि त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या खेळाडूच्या पायाखालची जमीन त्याच्या इंग्रज समव्यावसायिकापेक्षा अधिक भुसभुशीत का, याचा शोध त्यात घेतला आहे.

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळण्यास अधिकृत मान्यता मिळाली ती १८८५ मध्ये, आणि तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, १२ क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन केली. आज प्रीमियर लीगमधील २० आणि तिच्याखालच्या चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या तीन श्रेणींतील प्रत्येकी २४ असे एकूण ९२ क्लब तिथे राष्ट्रीय पातळीवर खेळतात. त्यांच्याखाली नॅशनल लीग आणि मग प्रादेशिक श्रेणींची उतरंड लागते, जिथे खेळाडू दिवसा दुसरे काम करून आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करतो. या सर्व पायऱ्या बढती आणि घसरणीच्या नियमाने एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणजे तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि तिथले अव्वल संघ त्यांची जागा घेतात. क्लबांसाठी केलेल्या या नियमाचा लाभ खेळाडूलाही होतो, कारण वरच्या पायरीवरून निसटलेल्याला लगेच खाली एक पायरी सापडते.

एका क्लबकडून दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य मात्र खेळाडूला सहजासहजी मिळालेले नाही. पूर्वी करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्या ताब्यात राहत असे आणि क्लबने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. वर १९६१ पर्यंत कमाल वेतनाची मर्यादा होती आणि ती उठली तेव्हा आठवड्याला २० पौंडांवर होती. ती उठवण्यासाठी जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडू अडकवून ठेवण्याची ती पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरवली, आणि युरोपीय न्यायालयाच्या डिसेंबर १९९५ मधील बोस्मन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे विनामोबदला जाण्याची वाट मोकळी केली. या निकालांचा गाजावाजा बड्या खेळाडूंच्या कमाईमुळे झाला, तरी खालच्या श्रेणीतल्या खेळाडूच्या बाबतीत त्यांचा अर्थ दुहेरी होता: तो मोकळा झाला आणि क्लबही त्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला. म्हणूनच दर उन्हाळ्यात हंगाम संपताच प्रत्येक क्लब कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले याची यादी जाहीर करतो. तिच्यात नाव कोणत्या बाजूला आहे यावर घरभाडे, मुलांची शाळा आणि राहायचे गाव या तिन्ही गोष्टी ठरतात.

असे असूनही त्या उतरंडीत माणूस दीर्घकाळ टिकू शकतो. गोलरक्षक जॉन बरिज हे याचे टोकाचे उदाहरण होय. त्यांच्या नावावर २९ क्लब सांगितले जातात, आणि १९९५ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये खेळले. उलट दिशेने जेमी व्हार्डी चढला; स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड अशा पायऱ्यांवरून तो २०१२ मध्ये लेस्टरला पोहोचला आणि चार वर्षांनी त्या संघासह देशाचा विजेता ठरला. व्हार्डीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्या व्यवस्थेचे खरे मर्म बरिज यांच्या कारकिर्दीतून अधिक कळते, कारण चढणारे मोजके असतात आणि हळूहळू, सन्मानाने उतरता येणे हीच बहुतेकांची गरज असते.

नाशिक जिल्ह्यातील बागलाणच्या वाचकाला या जीवनक्रमाची ओळख अगदीच नवी वाटू नये. सटाण्यात मार्गशीर्ष वद्य एकादशीला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, आणि अशा यात्रांच्या कुस्त्यांना येणारा पहिलवान हंगामभर याच रीतीने फिरत असतो. आज या गावचा इनाम, उद्या त्या गावचा, आणि नाव जितके मोठे तितकी कुस्ती उशिरा लागणार. फरक इतकाच की पहिलवानाला एका दिवसापुरते बोलावणे असते, तर फुटबॉलपटूचा एका हंगामापुरता लेखी करार असतो.

मग मराठी खेळाडू थेट इंग्लंडच्या त्या खालच्या श्रेणींत का दिसत नाही, हा प्रश्न उरतोच. भारतातून तिथे जाऊन नाव नोंदवणारा खेळाडू म्हणजे सिक्कीमचा बायचुंग भुतिया. तो १९९९ मध्ये तेव्हा तिसऱ्या पायरीवर असलेल्या बरी या ग्रेटर मँचेस्टरमधील क्लबकडे गेला, ३ ऑक्टोबर १९९९ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध प्रथम मैदानात उतरला आणि दुखापती व क्लबची आर्थिक ओढाताण यांतून वाट काढत २००२ मध्ये परतला. लीगमधील त्याचे गोल अवघे तीन. पुढे २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरूनही ब्रिटनने त्याला कामाचा परवाना नाकारला, कारण देशाचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा अशी तेव्हाची अट होती आणि भारत तिथे कुठेच नव्हता. याचा अर्थ असा की एखाद्याच्या पायांत कितीही कसब असले तरी त्याचे दार देशाच्या क्रमवारीवर उघडणार. महाराष्ट्राचा पैसा मात्र त्या दारातून सहज गेला. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये, १८८८ च्या संस्थापक १२ क्लबांपैकी एक असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभरात पुन्हा वर आला. कोंबड्यांच्या व्यवसायावर उभ्या राहिलेल्या मालकांवर तिथल्या प्रेक्षकांनी काढलेला राग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात फुटबॉलचा इतिहास लहान नाही. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये, म्हणजे कोलकात्याच्या आयएफए शील्डच्याही दोन वर्षे आधी सुरू झाली आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ मध्ये अस्तित्वात आली. परंतु स्वातंत्र्यानंतर इथल्या खेळाडूचे पोट चालले ते तिकीटविक्रीवर चालणाऱ्या क्लबांमुळे नव्हे, तर कचेऱ्या आणि कारखान्यांमुळे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, पश्चिम रेल्वे अशी या संघांची नावे जुन्या मुंबईकर शौकिनांना तोंडपाठ असतात. त्यांत घेतलेला खेळाडू कागदोपत्री लिपिक, मदतनीस किंवा तपासनीस असे. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारनंतर मैदान, आणि गुडघा निकामी झाला तरी मेज, पगार व निवृत्तिवेतन शाबूत. या पद्धतीवर टीका करणारे म्हणत की नोकरी पक्की झाली की खेळाडूची भूक मरते, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही; तरीही इंग्लंडमध्ये जे काम खालच्या श्रेणींनी केले, तेच इथे कचेरीच्या मेजाने केले, ही गोष्ट त्या टीकेत नेहमी निसटून गेली.

हा आधार फार थोड्या वर्षांत काढून घेतला गेला. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ मोडीत काढला. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लब-परवान्याच्या ज्या अटी आणल्या, त्यांत क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी, कोणत्याही कंपनीचे वा खात्याचे क्रीडा मंडळ नसावे, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण न झाल्याने २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन्ही संघांना आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमधून वगळण्यात आले. अट तत्त्वतः योग्य होती, कारण खात्याच्या मर्जीवर चालणारा संघ हा क्लब नव्हे. पण ती लावताना जुन्या घराच्या जागी नवे घर उभे आहे की नाही हे कोणी पाहिले नाही.

नव्या घरांचे काय झाले ते पुण्याच्या उदाहरणावरून दिसते. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये उभारलेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने दोन हंगाम काढले. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. चार वर्षांत एका शहराचे चार व्यावसायिक संघ नाहीसे झाले. मुंबई एफसीही २०१६-१७ मध्ये आय-लीगमधून घसरला तो पुन्हा वर आलाच नाही. तुलनेसाठी भुतियाच्या बरीचीच गोष्ट घ्यावी: सव्वाशे वर्षे लीगचा सदस्य असलेला हा क्लब कर्जापायी २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढून टाकण्यात आला, त्या गावावर शोककळा पसरली, पण रोचडेल, ओल्डहॅम आणि बोल्टन हे तीन व्यावसायिक क्लब तिथून थोड्याच मैलांवर होते. पुण्याच्या खेळाडूला पुढचा करार शोधायला शहर सोडावे लागले.

ही सक्तीची भटकंती दोन कारकिर्दींतून नीट दिसते. मुंबईचा बचावपटू राहुल भेके ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी असा फिरत राहिला. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर झालेल्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोके लावून त्याने एफसी गोवाविरुद्ध एकमेव गोल केला आणि बेंगळुरू विजेता झाला. मुंबईच्या खेळाडूने मुंबईतच दुसऱ्या शहराला चषक मिळवून दिला, याचे तिथे कोणालाही विशेष वाटले नाही, इतका हा व्यवहार आता अंगवळणी पडला आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत घडला, ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे काही काळ ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या युवा संघाबरोबर सरावाला गेला आणि मग जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा या संघांतून खेळला. मार्च २०२२ मध्ये विजेत्या ठरलेल्या हैदराबाद संघात तो होता. पुण्याची जी जागा हैदराबादला गेली, तिच्यामागोमाग पुण्यात शिकलेला खेळाडूही गेला, असे म्हणावे लागते. हे दोघे यशस्वी खेळाडू आहेत. ज्यांना सुपर लीगच्या एखाद्या संघात राखीव म्हणून दोन हंगाम मिळाले आणि तिसऱ्या वर्षी दूरध्वनी आला नाही, अशांची यादी कोणी ठेवत नाही.

अशांपैकी जो कोल्हापूरचा असेल, त्याला परतायला निदान एक जागा आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून काम करते, आणि तिच्या लीगमध्ये पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी असे संघ शाहू स्टेडियमवर खच्चून भरलेल्या गर्दीसमोर खेळतात. कुस्तीच्या तालमींतूनच फुटबॉलचे संघ निघावेत, ही या शहराची खासियत. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. एका तालमीचा गडी दुसरीकडे गेला की पेठेत आठवडाभर दुसरा विषय नसतो, आणि अलीकडच्या वर्षांत नायजेरियाहून आलेले खेळाडूही तालमींच्या गणवेशात दिसू लागल्याने त्या चर्चेला नवी धार आली आहे. नेत्यांच्या नावांच्या चषक स्पर्धांतून बक्षिसाची रक्कम मिळते, ती निवडणुका जवळ आल्या की वाढते असे कोल्हापूरकर हसत सांगतात. तिच्यावर संसार चालत नाही. तरीही खेळलेल्या माणसाला खेळत राहता येते, ओळख टिकते, प्रशिक्षकाचे काम मिळण्याची शक्यता राहते. इंग्लंडच्या सहाव्या-सातव्या श्रेणीतल्या खेळाडूला यापेक्षा फार वेगळे काही मिळत नाही. पण कोल्हापूर लीगचा विजेता जिल्ह्याबाहेरच्या वरच्या पायरीवर आपोआप चढत नाही, त्यामुळे ही पायरी भक्कम असूनही एकटीच उभी आहे.

राष्ट्रीय पातळीवर सुपर लीगमध्ये २०१४ पासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत घसरणीचा नियमच लागू झाला नव्हता. खालून बढती मिळाली ती प्रथम पंजाबच्या संघाला, २०२२-२३ ची आय-लीग जिंकल्यावर. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याचे कारण देऊन आयोजकांनी पुढचा हंगामच स्थगित केला, तेव्हा काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले आणि करार हातात असलेला खेळाडूही बिनपगारी झाला. नाशिक जिल्ह्यातल्या पालकांना हा धोका आकडेवारीशिवायही कळतो. सटाण्याच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाच्या घरी पहिली विचारणा होते ती शासकीय भरतीतल्या खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणाची आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या पडताळणीची. ते प्रमाणपत्र जिल्ह्याचे वा राज्याचे प्रतिनिधित्व करून अधिकृत स्पर्धेत मिळवलेल्या क्रमांकावर मिळते. क्लबांच्या कराराची पाने त्या फाइलला जोडून उपयोग होत नाही. म्हणून सुपर लीगच्या सरावशिबिराचे बोलावणे आणि राज्य संघाच्या निवड चाचणीची तारीख एकाच आठवड्यात आली, तर सटाण्यातले वडील मुलाला निवड चाचणीला पाठवतील, आणि आजच्या घडीला त्यांचा हिशेब चुकीचा ठरवता येणार नाही.